मामंजींची दोन माणसांची मोटार आणि तिचा विमा

पिकाचा विमा, गाईम्हशींचा विमा याविषयी तुम्ही पुष्कळ वाचले-ऐकले आहे. कानात बिल्ला नसेल तर मेलेल्या म्हशीचे पैसे मिळत नाहीत, हे आता घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. आज मी ज्या विम्याबद्दल लिहिणार आहे तो ऐकून मात्र तुम्ही हसाल. आमच्या गोठ्याशेजारच्या पडवीत सत्तर वर्षांहून जुनी, दोनच माणसे बसतील अशी, शर्यतीच्या घाटाची इंग्रजी मोटार उभी आहे. तिचा विमा कसा, केवढ्याचा आणि कशासाठी उतरवला, त्याची ही हकीगत आहे.

तुम्ही म्हणाल, बाई, आमच्या दारात कुठली आली इंग्रजी मोटार! पण जरा आठवून पाहा. तुमच्या वाड्यात नाही तर भावकीत कोणाकडे तरी वडिलांची जीप असेल, फियाट किंवा अँबॅसिडर असेल, ताडपत्रीखाली राजदूत नाही तर येझदी असेल. कंपनीने जी गाडी काढायचे बंद केले, तिला विम्याच्या कागदात जवळजवळ हेच नियम लागतात.

आधी गाडीची ओळख करून देते. गाडी एमजी, जात टीडी, जन्म १९५१ सालचा, इंग्लंडातल्या ॲबिंग्डन गावच्या कारखान्यातला. दारे उलटी, म्हणजे मागच्या बाजूला बिजागऱ्या. जादा चाक पाठीवर टांगलेले. इंजिन १२५० सीसीचे, ५४ अश्वशक्तीचे. आमचा ट्रॅक्टर ५० चा आहे. मामंजी म्हणत, ‘तो नांगर ओढतो, ही वारा ओढते.’ १९६८ साली उसाचे पैसे हाती आले तेव्हा त्यांनी ती एका जुन्या घराण्याच्या कारभाऱ्याकडून घेतली आणि त्यावरून सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत म्हणे. मी १९८४ साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा वरातीनंतर देवदर्शनाला याच गाडीतून गेले. शालू सांभाळू की डोक्यावरचा पदर, अशी गत झाली होती, कारण गाडीला पक्के छप्परच नाही.

या गाडीचे अंग वरून पत्र्याचे दिसते, पण आतला सांगाडा लाकडाचा आहे. ॲश नावाचे ते विलायती लाकूड. हे लक्षात असू द्या, पुढे त्याचे काम आहे.

मामंजी २०२१ साली गेले. घरातली सगळी कागदपत्रे माझ्याकडे असतात, कारण ‘ह्यांना’ कागद म्हटला की जांभई येते. दिवसकार्य उरकल्यावर मी पत्र्याची पेटी उघडली. सातबाऱ्यावर वारसनोंद करायची असते हे कोणालाच सांगावे लागत नाही, सगळे आपणहून तलाठ्याकडे जातात. पण गाडीलाही वारसनोंद असते, हे ध्यानात घेणारी घरे थोडी. मोटारीचा मालक वारला की तीस दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. विम्याच्या पॉलिसीतही तसेच कलम असते. विमाधारक वारला तर पॉलिसी लगेच बंद पडत नाही. ती मृत्यूपासून तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालते. तेवढ्या काळात वारसाने पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची किंवा नवी काढायची. कित्येक घरांत वर्षानुवर्षे मेलेल्या माणसाच्या नावाने हप्ता भरला जातो. कंपनी हप्ता घेते. वाद निघतो तो पैसे द्यायच्या वेळी.

वारसांच्या सह्या गोळा करायच्या म्हणजे पुण्याच्या भावजींकडे जाणे आले. त्यांचे म्हणणे गाडी विकून टाकावी. ‘वहिनी, तिचे आता चार पैसे येतील. उद्या कडब्याला आग लागली तर कोळसा होईल,’ ते म्हणाले. बोलणे खोटे नव्हते. शेवटी सही करताना एवढेच म्हणाले, ‘दादाच्या नावावर होऊ दे. पण आबांची गाडी फुकापासरी जाता कामा नये. जळली, चोरीला गेली, तर तिची किंमत घरात आली पाहिजे.’ म्हणजे विमा नीट उतरवणे ही आता नुसती कायद्याची गोष्ट उरली नाही, दोघा भावांमधला शब्द झाला.

आता पहिला प्रश्न. नुसता ‘थर्ड पार्टी’ घ्यावा की पूर्ण ‘पॅकेज’?

थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे, रस्त्यावर येणाऱ्या गाडीला हा विमा नसणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, पुन्हा सापडल्यास ४,०००, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण दंडाचे भय हे काही भय नव्हे. आमच्या शेजारच्या गावात एका गृहस्थाकडे जुनी जीप होती. ‘शेतातच फिरते, तिला कशाला विमा,’ म्हणून कागद संपू दिला. एके संध्याकाळी फाट्यावर सायकलवाला ऊसतोड मजूर तिच्याखाली आला. तीन लेकरांचा बाप. न्यायाधिकरणाने भरपाई ठरवली आणि ती भरताना त्या घराची विहिरीखालची बागायत गेली. मजुराच्या घरी माणूस गेला, यांच्या घरी जमीन गेली, आणि जीप अजून तिथेच गंजते आहे. माणसाच्या मृत्यूला किंवा इजेला द्यायच्या भरपाईवर थर्ड पार्टी विम्यात वरची मर्यादा नसते, न्यायाधिकरण ठरवील ती रक्कम कंपनी भरते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साडेसात लाखांची मर्यादा आहे.

आणखी एक बारकावा आहे, तो एजंट सहसा सांगत नाहीत. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत, आपल्या खाजगी गाडीत आपल्याच शेजारी बसलेला माणूस येत नाही. पॅकेज पॉलिसीत तो येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले आहे. आमच्या गाडीत दोनच जागा, आणि दुसरी जागा कायम नातवाची. माझ्यापुरता प्रश्न तिथेच मिटला.

पॅकेज घ्यायचे तर गाडीची किंमत ठरवावी लागते. विम्याच्या भाषेत तिला आयडीव्ही म्हणतात, म्हणजे विमा उतरवताना जाहीर केलेली किंमत. नव्या गाडीला तक्ता असतो. पहिले सहा महिने पाच टक्के घट, वर्षाला पंधरा, असे करत चार ते पाच वर्षांच्या गाडीला पन्नास टक्के घट. आणि पाच वर्षांच्या पुढे? पुढे तक्ताच नाही! पाच वर्षांहून जुन्या, तसेच बंद पडलेल्या बनावटीच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवावी, असे मोटार विम्याच्या दरपत्रकात लिहिले आहे. हे वाक्य तुमच्या-माझ्यासारख्यांनी पाठ करून ठेवावे. ‘जुनी गाडी, तिची काय किंमत’ असे खिडकीवरचा माणूस म्हणाला, तर किंमत ठरवण्यात आपलेही अर्धे तोंड आहे, हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

मी तालुक्याच्या गावी एका कंपनीच्या कार्यालयात गेले. टेबलामागच्या मुलाने संगणकावर ‘एमजी’ टाईप केले आणि विचारले, ‘काकू, हेक्टर का?’ त्याचीही चूक नाही. एमजीचे जुने नाव आता चिनी कंपनीकडे आहे आणि २०१९ पासून त्या नावाच्या हेक्टर गाड्या आपल्याकडे दिसतात. मी म्हटले, ‘बाळ, हेक्टर शेतात आहेत, ही टीडी आहे.’ त्याच्या यादीत १९५१ सालच नव्हते. अशा गाडीचा विमा फोनवर बोटे दाबून निघत नाही. शाखेत जाऊन कागदावर प्रस्ताव द्यावा लागतो आणि कंपनीचा माणूस गाडी पाहायला येतो.

त्याच्या साहेबांनी सुचवले, ‘किंमत पन्नास हजार धरू, हप्ता हलका बसेल.’ हे ऐकायला गोड वाटते. पण त्याच पॉलिसीत आणखी एक नियम आहे. दुरुस्तीचा खर्च जाहीर किमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला, तर गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. पन्नास हजारांचे ७५ टक्के म्हणजे साडेसदतीस हजार. एक मडगार्ड चेपले, एक दिवा फुटला आणि विलायतेहून सुटा भाग मागवला, की एवढे बिल सहज होते. मग कंपनी पन्नास हजारांच्या हिशेबात बोलणार, मोडक्या सांगाड्याची किंमत त्यातून वजा होणार, आणि आपली धडधाकट गाडी एका ओरखड्यापायी कागदावर भंगार होणार. किंमत कमी लावून हप्त्यात वाचवलेले शेपाचशे रुपये असे महाग पडतात. बैल दोन लाखांचा आणि विमा वीस हजारांचा, असा व्यवहार आपण कधी करू का?

उलट किंमत वाटेल तशी फुगवूनही चालत नाही, ती पटवावी लागते. मी मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारकाकडून गाडीची किंमत लेखी काढून घेतली. चारही बाजूंचे, इंजिनाचे, आतल्या लाकडाचे, चासी क्रमांकाच्या पट्टीचे फोटो काढले. मामंजींनी जपून ठेवलेली बिले लावली. इंजिन मूळचेच आहे हे दाखवले. आपल्याकडे जुन्या विलायती गाड्यांत फियाटचे किंवा अँबॅसिडरचे इंजिन बसवण्याची रीत होती, आणि आरसी पुस्तकात जुनाच क्रमांक राहिला की दाव्याच्या वेळी तंटा होतो. तुमच्या जीपचे इंजिन बदलले असेल तर आधी आरसीवर नोंद करून घ्या.

इंग्लंडात या कामाला सोपी वहिवाट आहे. तिथे जुन्या गाडीचा विमा ‘ठरलेल्या किमतीचा’ मिळतो. क्लबचे पत्र आणि फोटो देऊन किंमत आधी ठरवतात, वर्षाला इतकेच मैल चालवीन असे कबूल केले की हप्ता उतरतो. आपल्याकडे तसे वेगळे नाव नसले, तरी जाहीर किंमत एकदा पॉलिसीवर छापली गेली की चोरी किंवा पूर्ण नुकसानीच्या वेळी त्या वर्षात तीच बाजारभाव म्हणून धरतात, पुन्हा घट लावत नाहीत. माझ्या मते एवढे हाती असल्यावर विलायतेचा हेवा करण्याचे कारण नाही. मात्र आकडा छापून आल्यावर डोळ्यांनी वाचल्याशिवाय घरी जायचे नाही.

थोड्या मोडतोडीचा हिशेब वेगळा. तिथे सुट्या भागांवर घट लागतेच. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर-ट्यूब, बॅटरी यांचे निम्मे पैसे. काचेवर घट नाही. बाकीच्या भागांना, आणि यात लाकडी भाग मुद्दाम नाव घेऊन घातले आहेत, दहा वर्षांपुढच्या गाडीला पन्नास टक्के घट. म्हणजे सुताराने नवा लाकडी खांब बसवला तर त्या खांबाचे निम्मे पैसे आपले. मजुरी पूर्ण मिळते, रंगाच्या सामानाचे निम्मे. समजा भागांचे २४,००० आणि मजुरीचे १०,००० झाले, तर १२,००० अधिक १०,०००, त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीने कापायचे १,००० वजा करून हाती २१,०००. ही घट टाळणारी जोड-पॉलिसी नव्या गाड्यांना देतात, म्हाताऱ्या गाडीला सहसा कोणी देत नाही. वाळवी, गंज, कुजणे, इंजिन आपोआप बसणे, हे विम्यात येत नाही. उंदराने वायर कुरतडली तर वाद होतो. तो वाद घालत बसण्यापेक्षा मी पडवीत मांजर पाळले आहे.

किरकोळ ओरखड्यासाठी दावा करण्याच्या फंदात मी पडत नाही. पहिल्या वर्षी दावा नसेल तर पुढच्या हप्त्यात २० टक्के सूट, ती चढत चढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. दावा केला की ती गेली, आणि पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले तरी गेली.

आता जुन्या गाडीच्या खास नंबराबद्दल. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांपलीकडच्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी काढली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. अर्जाला चालू विमा जोडावा लागतो. अशा नोंदलेल्या खाजगी गाडीला थर्ड पार्टीचा हप्ता निम्मा. २०२२ साली ठरलेल्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या गाडीला ३,४१६ रुपये होते, त्याचे १,७०८ होतात. जुन्या दरपत्रकातली व्याख्या मात्र निराळी. तिथे १९४० अखेरपर्यंत बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने दाखला दिलेली गाडीच व्हिंटेज. एका कागदाने आमची गाडी आजी ठरते, दुसऱ्याने अजून नवरी!

ही सूट मी घेतली नाही. कारण व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तिथे जाणे-येणे, तेल भरणे, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते तेव्हा लोक कसे डोळे भरून पाहतात, ते तुम्ही पाहिले असेल. अशा मानाच्या गाडीला हे बंधन शोभते. आमची गाडी मामंजी बाजाराला नेत. मेथीच्या जुड्या मागच्या चाकाला बांधून आणत. तिला सतराशे रुपयांसाठी पडवीत कोंडायचे मला पटले नाही. तेव्हा साधीच नोंदणी ठेवली आहे, दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवून घेतो. ज्यांची गाडी उभीच असते, त्यांनी माझे ऐकू नये, व्हिंटेज नोंदणीचा विचार करावा. आणि जी मुळीच रस्त्यावर यायची नाही, नुसती आवारात उभी आहे, तिला केवळ आग आणि चोरी यांपुरता विमा देण्याचीही दरपत्रकात सोय आहे, तो विचारून पाहावा.

लग्नसराईचे सांगायचे राहिले. नवरदेवासाठी गाडी मागायला लोक येतात आणि ‘पाच हजार ठेवा’ म्हणतात. खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने देणे बसत नाही. पैसे घेतले आणि वाटेत काही झाले, तर कंपनी हात वर करील आणि ते बरोबरच असेल. आम्ही जवळच्या घरच्या लग्नाला ‘हे’ स्वतः चालवत नेतात, तेलाचेही घेत नाही. रॅलीचेही तसेच. शर्यत, वेगाची चाचणी, टिकाऊपणाच्या स्पर्धा पॉलिसीतून वगळलेल्या असतात. रॅलीसाठी वेगळी जोड घेता येते, ती निघण्याआधी लिहून घ्यायची. गाडी ट्रकवर घालून नेली तर वाटेतले नुकसान मूळ पॉलिसीतच येते, हे चांगले आहे. चालवणाऱ्याचा परवाना चालू असलाच पाहिजे. धाकटे चुलतसासरे पंचाऐंशीचे आहेत, गाडी अजून झकास चालवतात, पण त्यांचा परवाना संपलेला आहे. त्यांना चाकाशी बसू देत नाही म्हणून ते माझ्यावर रुसलेले आहेत.

पॉलिसी हाती आल्यावर मी तिची एक प्रत भावजींना पाठवली. त्यांनी फोन करून पहिला प्रश्न विचारला तो किमतीचा. आकडा सांगितला तेव्हा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘कडबा तेवढा तिथून हलवा, वहिनी.’ या सुगीत वैरणीची गंजी विहिरीकडच्या पडीक जागेत रचली आहे. गोठ्याला थोडे लांब पडते, रोज दोन खेपा जास्त होतात. पडवीत आता गाडी, वाळूची बादली आणि मांजर, एवढेच आहे.